नवी पुस्तकं येतात, मुलंही येतात, मग पुस्तकं फळीवरच का राहतात?

एका छोट्या ग्रंथालयाचा बालविभाग सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा मुलांसाठी नवी पुस्तकं घेतली जातात. दर महिन्याला गोष्टींचा तास होतो आणि त्याला गर्दीही चांगली असते. तरी नवी पुस्तकं फारशी घरी जात नाहीत, आणि नऊ-दहा वर्षांची झाली की मुलं यायचीच बंद होतात. कोणती पुस्तकं घ्यावीत, कोणते कार्यक्रम करावेत, आणि २ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिनाचा मोठा समारंभ करावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी बालविभागातच रमलेला माणूस आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तुमच्या पत्रात खरेदीचा परिच्छेद वेगळा आहे आणि कार्यक्रमाचा वेगळा. माझ्या मते अडचण नेमकी तिथे आहे. पुस्तकं एका वाटेने येतात, नोंद होऊन फळीवर जातात. मुलं दुसऱ्या वाटेने येतात, गोष्ट ऐकून, टाळ्या वाजवून घरी जातात. या दोन वाटा कुठे मिळतच नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असं सांगतो, आणि तिसरा प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असं. दुसरा आपण सगळे पाळतो, कारण वाचक समोर उभा राहून मागतो. पुस्तक काही मागत नाही. म्हणून तिसरा नियम आपल्या हातून निसटतो, आणि बालविभागात तोच सर्वात महत्त्वाचा आहे. मुलाला नव्या पुस्तकाचं नाव माहीत नसतं, लेखक माहीत नसतो, परीक्षणं ते वाचत नाही. कुणीतरी हातात दिल्याशिवाय त्याच्यासाठी ते पुस्तक आलेलंच नसतं.

आधी खरेदीबद्दल. वर्षातून दोनदा मोठी खरेदी करण्यापेक्षा तीच रक्कम विभागून थोडी थोडी पुस्तकं वारंवार घ्या. एकदम आलेला ढीग मुलांना दिसतच नाही, आणि तुम्हालाही त्यातलं प्रत्येक पुस्तक वाचून होत नाही. दर महिन्याला मोजकीच पुस्तकं आली तर ती तुम्ही स्वतः वाचाल, आणि जे पुस्तक तुम्ही वाचलंय तेच तुम्ही मनापासून कुणाच्या हातात देऊ शकता. नियमच मंजुरी वर्षातून दोनदा देत असतील तर पुस्तकं एकदम घ्या, पण बाहेर काढा टप्प्याटप्प्याने.

काय घ्यावं याची सरसकट यादी देणार नाही, कारण तुमची मुलं मी पाहिलेली नाहीत. पण बालविभागाच्या खरेदीत काही गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे माहितीची पुस्तकं. मोठ्यांना वाटतं वाचन म्हणजे गोष्टी. पण किडे, अवकाश, यंत्रं, मानवी शरीर, खोल समुद्रातले जीव यांवरच्या चित्रमय पुस्तकांवर जीव टाकणारी मुलं प्रत्येक गटात असतात, आणि त्यांना कथेच्या फळीकडे ढकललं की ती ग्रंथालयाकडे पाठ फिरवतात. घेताना प्रकाशन वर्ष जरूर पाहा. प्लूटोला ग्रह म्हणणारं पुस्तक २००६ नंतरच्या मुलासाठी चुकीचं आहे, आणि मुलं अशी चूक बरोबर पकडतात.

दुसरी म्हणजे चित्रकथा आणि कॉमिक्स. 'हे काही खरं वाचन नाही' असं पालक तुम्हाला सांगतील. शांतपणे ऐकून घ्या आणि पुस्तकं फळीवर ठेवा. चित्रचौकटीतलं न लिहिलेलं समजून घेणं, कुणाचं बोलणं कुठल्या सुरात आहे हे चेहऱ्यावरून ओळखणं, दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं हे ताडणं, हे सगळं वाचनच आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तर एक पुस्तक अथपासून इतिपर्यंत संपवल्याचा आनंद पहिल्यांदा बहुधा इथेच मिळतो.

तिसरी म्हणजे मालिका. एका मालिकेचा पहिला भाग घ्यायचा आणि पुढचे घ्यायचे नाहीत, ही बालविभागातली फार वाईट सवय. नऊ-दहा वर्षांच्या वाचकाला मालिका हवीच असते. ओळखीची पात्रं, ओळखीचं जग, त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने शिरकाव करण्याचे कष्ट वाचतात आणि वाचनाचा वेग वाढतो. मालिका घेणार असाल तर निदान पहिले तीन भाग एकदम घ्या, आणि पहिल्याच्या दोन प्रती. पहिला भाग कायम बाहेर राहिला तर उरलेले सगळे फळीवर अडकून पडतात.

आणि एक काम खरेदीइतकंच गरजेचं: जुनी पुस्तकं बाद करा. फाटलेली, पिवळी पडलेली, माहिती कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं नव्यांना झाकून टाकतात. खच्चून भरलेल्या फळीतून मूल पुस्तक ओढून काढत नाही. प्रत्येक फळीवर थोडी जागा मोकळी सोडा आणि तिथे एक-दोन पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करा. मुलं मुखपृष्ठ पाहून पुस्तक निवडतात. पाठीवरचं बारीक नाव वाचायला मान वाकडी करतात ती मोठी माणसं.

आता नऊ ते तेरा या वयाकडे येतो, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. या वयात मुलं वाचन सोडतात असं आपण सहज म्हणतो. माझं निरीक्षण असं की ती बऱ्याचदा वाचन सोडत नाहीत, बालविभाग सोडतात. भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेले, खुर्च्या गुडघ्याएवढ्या, आणि फलकावर 'चला बालमित्रांनो'. अकरा वर्षांच्या मुलीला तिथे बसलेलं मैत्रिणींनी पाहणंही नको असतं. मोठ्यांच्या विभागात मात्र तिला 'इकडे काय करतेस' म्हणून विचारलं जातं. तेव्हा या मुलांना जागा द्या, वेगळी खोली नसली तरी चालेल. एक कपाट, दोन मोठ्या उंचीच्या खुर्च्या, आणि त्या कोपऱ्यावर 'बाल' हा शब्द कुठेही नको. कपाटाला नाव काय द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना काम द्या. या वयाला मनोरंजन पुरत नाही, जबाबदारी हवी असते. नव्या पुस्तकांची खोकी फोडायला दोन-तीन जणांना बोलवा. हे काम कसं चालतं ते सांगतो. जाड बांधणीचं कोरं पुस्तक एकदम मधोमध उघडलं तर त्याची पाठ तडकते आणि महिनाभरात पानं सुटायला लागतात. म्हणून ते पाठीवर टेबलावर उभं धरायचं, आधी पुढचं कव्हर खाली सोडायचं, मग मागचं. मग पुढून चार-सहा पानं घेऊन शिवणीशी हलकेच बोट फिरवायचं, मग मागून तेवढीच, असं आळीपाळीने करत मध्यापर्यंत यायचं. एका मुलाला हे दाखवलं की तो दुसऱ्याला शिकवतो. आणि हे करताना काय होतं? प्रत्येक पानावरून नजर फिरते. मध्येच कुणीतरी थांबतं, चित्र बघतं, दोन ओळी वाचतं, शेजारच्याला दाखवतं. ठसा मारून, तारीखपट्टी चिकटवून, कव्हर चढवून होईपर्यंत त्यातली निम्मी पुस्तकं 'ही मी आधी नेणार' म्हणून बाजूला पडलेली असतात. ती त्यांना खुशाल आधी नेऊ द्या. त्या कामाचा मान तोच आहे.

पुढची पायरी निवडीची. प्रकाशकांच्या याद्या त्यांच्यापुढे ठेवा आणि खरेदीतला ठरावीक हिस्सा पूर्णपणे त्यांच्या हाती द्या. 'सुचवा, आम्ही विचार करू' असं नको. या वयाची मुलं पोकळ सल्लामसलत लगेच ओळखतात. ती काही पुस्तकं अशी निवडतील की तुम्ही कपाळाला हात लावाल. घ्याच. एका खेपेला अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनी गूढकथांच्या जोडीला कुत्र्यांच्या जातींचा एक जाडजूड संदर्भग्रंथ मागितला. समितीतल्या एका सदस्यांना तो वायफळ खर्च वाटला. पण घरी कुत्रा पाळू न देणाऱ्या आईवडिलांना पटवायला मुलांना पुरावे हवे होते, आणि त्यासाठी ती अनुक्रमणिका, सूची, तुलनातक्ते असं सगळं धुंडाळायला शिकली. ते पुस्तक फळीवर क्वचितच दिसायचं.

याच वयात अडखळत वाचणारी मुलं सर्वात एकटी पडतात. त्यांच्या वाचनाला झेपणारी पुस्तकं दिसायला लहान मुलांची असतात, आणि ती हातात धरायची त्यांना लाज वाटते. यावर मला सापडलेला सर्वात चांगला उपाय म्हणजे मोठ्यांनी छोट्यांना वाचून दाखवणं. 'पुढच्या शनिवारी तू चार-पाच वर्षांच्या मुलांना हे चित्रपुस्तक वाचून दाखवशील का?' असं विचारलं की सोपं पुस्तक घरी न्यायला सन्मानाचं कारण मिळतं. सरावासाठी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा, मोठ्याने वाचलं जातं, आणि ओघ येण्यासाठी नेमकं तेच लागतं. ऐकणारे छोटे चुका काढत नाहीत. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ साली प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तक वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला, त्याचं मर्मही हेच: न टोकणारा श्रोता. कुत्रा नसला तरी धाकटी मुलं तुमच्याकडे आहेतच.

कार्यक्रमांकडे वळतो. गोष्टींचा तास बंद करू नका, पण तो पुस्तकातून करा. नुसतं तोंडी कथाकथन ही मोठी कला आहे, तिलाही जागा असावी. पण नवी पुस्तकं घरी जायला हवी असतील तर गोष्ट पुस्तकातून येते हे मुलांना दिसलं पाहिजे. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की पानं आठ किंवा सोळाच्या पटीत पडतात. सावकाश वाचलं तरी एक पुस्तक पंधरा मिनिटांच्या आत होतं, म्हणजे एका तासात दोन किंवा तीन पुस्तकं आणि मध्ये गप्पा. पुस्तक छातीशी धरून वरून वाकून वाचू नका. खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरा आणि खालच्या कडेला पकडा, म्हणजे हात चित्रावर येत नाही. नाव, लेखक आणि चित्रकार तिन्ही सांगा. पान उलटायच्या आधी एक श्वास थांबा. त्या क्षणात मुलं पुढचं ओळखायचा प्रयत्न करत असतात.

वाचताना प्रश्न विचारावेत का? विचारावेत, पण परीक्षेचे नकोत. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या अभ्यासात पालकांना वाचनाची पद्धत बदलायला शिकवलं होतं. हो-नाही असं उत्तर येणारे प्रश्न कमी करायचे, 'इथे काय चाललंय?' असे मोकळे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल त्यात भर घालायची. त्या मुलांची भाषा नेहमीसारखं वाचन ऐकणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. एकेका मुलासाठीची ही रीत गटातही चालते, फक्त प्रश्न दोन-तीनच ठेवा. आणि शेवटी 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' हे विचारणं कृपा करून बंद करा. त्या एका प्रश्नाने गोष्टीचं धड्यात रूपांतर होतं, आणि मुलांना ते चांगलंच कळतं.

मोठ्याने वाचून दाखवणं फक्त छोट्यांसाठी असतं हाही समज सोडा. साधारण तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत मुलांना स्वतः वाचून समजतं त्याहून अवघड मजकूर ऐकून समजतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना एखाद्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवा आणि ऐन रंगात आलेलं असताना थांबा. पण त्याच टेबलावर त्या कादंबरीच्या तीन-चार प्रती हव्यात. एकच प्रत असेल तर एकाला पुस्तक आणि बाकीच्यांना हुरहूर. तेवढ्या प्रती शक्य नसतील तर त्याच धाटणीची आणखी पाच-सहा पुस्तकं मांडून ठेवा आणि प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं बोला.

माझा सर्वात आवडता कार्यक्रम पुस्तक चाखण्याचा आहे. टेबलांवर नवी पुस्तकं विषयांप्रमाणे मांडायची. मुलांनी प्रत्येक टेबलावर चार-पाच मिनिटं बसायचं, एक पुस्तक उचलून मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि पहिली दोन पानं वाचायची, आणि चिठ्ठीवर एवढंच लिहायचं: 'नेणार', 'कदाचित' किंवा 'नको'. 'नको' लिहायची पूर्ण मुभा हवी. मुलांना पुस्तक नाकारायला आपण शिकवतच नाही, म्हणून ती एका चुकीच्या पुस्तकावरून सगळ्या वाचनाला नकार देतात. ज्या पुस्तकाला सगळ्यांनी 'नको' लिहिलं ते पुढच्या खरेदीसाठी तुमचं मार्गदर्शन. शेवटची वीस मिनिटं देवघेवीसाठी राखून ठेवा. हा वेळ कार्यक्रमाचाच भाग आहे. सगळे निघाल्यावर कपाटं उघडून उपयोग नाही.

लेखकभेटीबद्दल थोडक्यात: लेखक येण्याच्या महिनाभर आधी त्यांची पुस्तकं मुलांच्या हातात नसतील तर भेट ठेवू नका. न वाचलेल्या लेखकाला मुलं 'तुम्हाला कल्पना कशा सुचतात' एवढंच विचारतात.

स्पर्धा आणि बक्षिसं हा नाजूक विषय. 'सुट्टीत सर्वात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस' हे सगळीकडे चालतं, आणि मला ते मनापासून नकोसं वाटतं. लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असावा. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अनपेक्षित बक्षिसाने मात्र आवड घटली नाही. वाचनाला हे तंतोतंत लागू होईल असा दावा मी करणार नाही, पण पुस्तकसंख्येच्या स्पर्धेत मुलं पातळ पुस्तकं शोधतात आणि आधीच भरपूर वाचणारी मुलंच दरवेळी जिंकतात, हे मी स्वतः पाहत आलो आहे. त्याऐवजी सगळ्यांची मिळून एक बेरीज करा: भिंतीवर एक लांब पट्टी, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी एक चौकोन, त्यात पुस्तकाचं नाव आणि मुलाचं एक वाक्य. कॉमिक्स, ऐकलेलं पुस्तक, धाकट्या भावंडाला वाचून दाखवलेलं, सगळं धरायचं. बक्षीस द्यायचंच असेल तर अचानक द्या, आणि ते पुस्तकच असू द्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नका. ग्रंथालयात बसून पुस्तक वाचून दाखवणं आणि त्याचं चित्रीकरण इंटरनेटवर ठेवणं यात फरक आहे; चित्रीकरणासाठी प्रकाशकाची परवानगी घ्या. बारा वर्षांच्या मुलीने वयात येण्याविषयीचं पुस्तक नेलं तर देवघेवीच्या टेबलावर त्याचं नाव मोठ्याने उच्चारू नका, आणि त्याची वाच्यता कुठेही नको. अशा एका प्रसंगाने मूल कायमचं दुरावतं. उशिराच्या दंडाचाही फेरविचार करा. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली दंड रद्द केला, तेव्हा लोकांकडे अडकून पडलेली पुस्तकं मोठ्या प्रमाणावर परत आली. दंडाची धास्ती मुलांना सर्वात जास्त असते, कारण पैसे त्यांच्याकडे नसतात आणि घरी सांगायची भीती असते.

कार्यक्रम जमला की नाही हे कसं ओळखायचं? हजेरी सोडून द्या. कार्यक्रमाच्या दिवशी आणि नंतरच्या दोन आठवड्यांत मुलांनी किती पुस्तकं नेली, त्यात नवी किती, आणि आधी कधीच काही न नेणाऱ्या किती मुलांनी पहिल्यांदा नेली, हे तीन आकडे वहीत लिहा. तुमच्या समितीला गर्दीचे फोटो आवडत असतील, तर ते द्याच, पण खाली हे आकडेही द्या.

राहिला २ एप्रिल. डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिस्तियन अँडरसनचा जन्मदिवस म्हणून १९६७ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. त्यामागची संस्था, मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारं 'इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल', १९५३ साली स्थापन झाली ती येला लेपमान यांच्या खटपटीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत मुलांपर्यंत देशोदेशीची पुस्तकं पोचावीत म्हणून त्यांनी वीस देशांना पत्रं लिहून पुस्तकं मागवली आणि १९४६ साली म्युनिकमध्ये प्रदर्शन भरवलं. तिथूनच १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. तेव्हा हा दिवस जरूर साजरा करा, पण व्यासपीठ, पाहुणे आणि भाषणं वगळून. भाषांतरित पुस्तकं बाहेर काढा, कोणतं कुठून आलं ते मोठ्या मुलांना नकाशावर लावू द्या, छोट्यांना त्यातलंच एक वाचून दाखवायला सांगा. त्या दिवशी देवघेव दोन तास जास्त उघडी ठेवा, आणि सदस्यत्व नसलेल्या मुलालाही एक पुस्तक घरी नेता येईल अशी सोय समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आजच लिहायला घ्या.